एकाच बाटलीतल्या पाण्याचे तीन आकडे : गढूळपणा कोणता लिहायचा?

निवळी

नमस्कार मंडळी. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागून मला चार महिने झाले. गढूळपणा, रंग, वास, वाहकता, घन पदार्थ अशा भौतिक चाचण्या माझ्याकडे आहेत. रासायनिक आणि जैविक विभाग वेगळे. नव्या माणसाच्या हातात भौतिक चाचण्या देतात, कारण त्या सोप्या समजल्या जातात. परवापर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

परवा एका बोअरच्या पाण्याचा नमुना आला. सकाळी अकराला मी गढूळपणा मोजला, ०.९ एनटीयू (गढूळपणाचं एकक). डोळ्यांना पाणी अगदी नितळ. दुपारी चारला सहकाऱ्याने पडताळणीसाठी त्याच बाटलीतून घेतलं तर ५.४ आला. मला वाटलं, त्याचंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः पुन्हा मोजलं आणि ११.४ आला! रंगसुद्धा पहिल्या दिवशी ५ हेझन (रंगाचं एकक) होता, तो २५ च्या आसपास गेला. मीटर रोज सकाळी प्रमाण द्रावणांवर तपासते, नोंदवहीत सगळं आहे, त्यात खोट दिसत नाही.

वरिष्ठ म्हणाले, तिन्हींची सरासरी काढ आणि लिहून टाक. सरासरी ५.९ येते. पण लिहायला हात धजत नाही. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवला तर पाणी चांगलं, तिसऱ्यावर ठेवला तर ते नुसत्या डोळ्यांनाही गढूळ. खरा आकडा कोणता? अहवाल उद्या द्यायचा आहे.

काचकुपी

मी गढूळपणा मोजायची यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे माझा पहिला संशय नेहमी कुपीवर, म्हणजे नमुना भरून मीटरमध्ये ठेवतात त्या छोट्या काचेच्या बाटलीवर. मीटर बिघडल्याच्या जेवढ्या तक्रारी येतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मीटर धडधाकट असतो आणि दोष बाहेर असतो.

हे यंत्र पाण्यातला गाळ मोजत नाही. ते प्रकाश पाण्यात सोडतं आणि कणांवर आपटून ९० अंशात किती प्रकाश बाजूला फेकला गेला तेवढंच बघतं. म्हणजे प्रकाश बाजूला फेकणारी कुठलीही गोष्ट त्याच्या लेखी गढूळपणाच. काचेवरचा बोटाचा ठसा, बारीक ओरखडा, कुपीच्या पोटाला चिकटलेला हवेचा बुडबुडा, बाहेरून धरलेलं दव. स्वच्छ पाण्याच्या नमुन्यात यातली एखादी गोष्टसुद्धा आकडा दुप्पट-तिप्पट करते.

निवळीताई, मधल्या वेळात बाटली फ्रिजमध्ये होती का? गार पाणी कुपीत घेतलं की बाहेरून काच धुरकटते. वर ते पाणी खोलीच्या तापमानाला येऊ लागलं की आत विरघळलेली हवा सुटते आणि भिंतीला सूक्ष्म बुडबुडे धरतात. हे बुडबुडे डोळ्यांना दिसतीलच असं नाही. बाटली खळखळून हलवली असेल तर आणखीच वाईट. बाटली बंद ठेवून सावकाश उलटी-सुलटी करायची, म्हणजे तळाचा कण वर येतो आणि हवा मिसळत नाही.

कुपी नेहमी वरच्या कडेला धरा. बाहेरून धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, सिलिकॉन तेलाचा पातळ हात फिरवा आणि कुपीवरची खूण यंत्रावरच्या खुणेसमोर ठेवा. काच सगळीकडे सारखी नसते. तीच कुपी थोडी फिरवली तरी लहान आकड्यांत फरक पडतो.

जुना केमिस्ट

काचकुपी म्हणतात ते सगळं खरं आहे आणि ते आधी तपासावंच. पण दवाने किंवा बुडबुड्याने रंग ५ वरून २५ होत नाही. रंगही बरोबरीने वाढला असेल तर पाण्यातच काहीतरी घडतंय.

निवळी, पुढच्या गोष्टी सांग. बाटली काठोकाठ भरलेली होती की वर रिकामी जागा होती? तीन वेळा तीच उघडली का? दुसऱ्या दिवशी हलवण्याआधी तळाशी काही बसलेलं दिसलं का, आणि त्याचा रंग कोणता? जागेवर तापमान, पीएच कुणी मोजलं होतं का? आणि नमुना घेतल्यापासून तुमच्या टेबलावर यायला किती वेळ गेला?

सरासरी तूर्त काढू नकोस.

निवळी

काका, बाटली पाऊण भरलेली होती. हो, तीच तीन वेळा उघडली. रात्री फ्रिजमध्ये होती. काचकुपीदादा, दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवली होती, पण कुपी पुसली एवढंच, तेल लावलं नाही.

तळाशी अगदी पातळ, विटकरी रंगाचा साका होता. मला वाटलं, बोअरमधली माती असेल, म्हणून हलवून मिसळून घेतला. जागेवर काहीच मोजलेलं नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीवर फक्त तारीख आहे, वेळ नाही.

जुना केमिस्ट

विटकरी साका म्हणालीस तिथेच निम्मं उत्तर आलं. ही माती असती तर पहिल्या मोजणीतही दिसली असती. माती बाटलीत नव्याने तयार होत नाही. लोहाचा साका मात्र होतो.

खोल जमिनीतल्या पाण्याला हवा लागलेली नसते. अशा पाण्यात लोह विरघळलेल्या, फेरस रूपात असतं, आणि त्या रूपात त्याला रंग जवळजवळ नसतो. लिटरमागे काही मिलिग्रॅम लोह असलं तरी पंपातून येणारं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसू शकतं. त्याला हवा लागली की फेरसचं फेरिक होतं, फेरिक पाण्यात टिकत नाही, त्याचे तांबूस हायड्रॉक्साइडचे कण होतात. आधी पाणी पिवळसर, मग धुरकट, मग तळाला साका.

प्राणवायू किती लागतो? एक मिलिग्रॅम लोहाला जेमतेम ०.१४ मिलिग्रॅम. तुझ्या बाटलीतल्या पाव भाग हवेत त्याच्या कितीतरी पट होता, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडल्यावर ताजा भरणा झाला. दुसरी गोष्ट अशी की जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायॉक्साइड बराच दाबून बसलेला असतो. झाकण उघडलं की तो निसटतो आणि पीएच वर सरकतो. नेहमीच्या पाण्यात पीएच एका अंकाने वाढला की लोहाचं ऑक्सिडेशन सुमारे शंभर पट वेगाने होतं. म्हणजे बाटली उघडून तुम्ही एकदम दोन्हीकडून धक्का देता.

खात्री करायला तीन गोष्टी कर.

पहिली, आहे तो नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळ आणि रंग पुन्हा बघ. गाळल्यावर उरतो तो खरा रंग, न गाळता दिसतो तो भासमान रंग. तुझा २५ बहुतेक भासमान आहे. गाळणीवर काय उरतं त्याचा रंगही लिहून ठेव.

दुसरी, थोडं पाणी वेगळं काढून त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाक. लोहाचा साका विरघळून पाणी निवळेल, चिकणमाती तशीच राहील. चुन्याचा साकाही आम्लात विरघळतो, पण तो पांढरा असतो. हे पाणी गढूळपणाच्या अहवालासाठी मात्र वापरायचं नाही.

तिसरी, रासायनिक विभागाला फिनॅन्थ्रोलिन या रसायनाच्या पद्धतीने एकूण लोह काढून द्यायला सांग.

मापाडी

मी विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो. वरिष्ठांनी सुचवलेल्या सरासरीबद्दल बोलावंसं वाटतं, कारण ही चूक फार ठिकाणी होते.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली आणि आकडे थोडे इकडेतिकडे पडले, तर सरासरीला अर्थ असतो. इथे तीन वेगळी पाणी मोजली गेली आहेत. सकाळचं, दुपारचं आणि दुसऱ्या दिवसाचं. ५.९ हा गढूळपणा कुठल्याही क्षणी त्या पाण्याचा खरा गढूळपणा म्हणून कुणी पाहिलेला नाही. आकडे एकाच दिशेने चढत जाताना दिसले की सरासरी सोडून वेळेची नोंद काढायची.

एनटीयू हे एकक तसं विचित्र आहे. किलो किंवा लिटरसारखं ते कशाचं प्रमाण नाही. जुन्या काळी जॅक्सनचा मेणबत्तीचा गढूळपणामापक होता. खुणा केलेल्या उभ्या काचनळीखाली मेणबत्ती ठेवायची, नळीत पाणी ओतत जायचं आणि ज्योतीचा आकार दिसेनासा झाला की थांबायचं. ती पद्धत २५ एककांच्या खाली कामाचीच नव्हती, आणि पिण्याचं पाणी तर सगळं त्याखाली असतं. म्हणून बाजूला फेकलेला प्रकाश मोजायची पद्धत आली.

तिला प्रमाण म्हणून फॉर्माझिन. १ ग्रॅम हायड्रॅझिन सल्फेटचं १०० मिलिलिटर द्रावण, १० ग्रॅम हेक्झामिथिलीन टेट्रामाइनचं १०० मिलिलिटर द्रावण, दोन्हींचे ५-५ मिलिलिटर एकत्र करून २५ अंशांच्या आसपास २४ तास ठेवायचे आणि १०० मिलिलिटरपर्यंत पातळ करायचे. या पांढुरक्या द्रावणाला ४०० एनटीयू म्हणायचं, असं ठरलेलं आहे. हायड्रॅझिन सल्फेट विषारी आहे, शिवाय त्याने कर्करोगाचा धोका असतो. हातमोजे आणि वाफा खेचून घेणारं कपाट (फ्यूम हूड) याशिवाय त्याला हात लावू नका. तयार प्रमाण द्रावण मिळत असेल तर तेच बरं.

आणखी एक. यंत्रातला दिवा कोणता आहे ते अहवालात हवं. काही यंत्रांत टंगस्टनचा पांढरा प्रकाश असतो, तर आयएसओ ७०२७ पद्धतीच्या यंत्रांत ८६० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश. रंगीत पाणी पांढऱ्या प्रकाशातला काही भाग गिळून टाकतं आणि आकडा कमी दाखवतं. अवरक्तात तो परिणाम फारच कमी. तांबूस पाण्यावर ही दोन यंत्रं वेगवेगळे आकडे देतील आणि दोन्ही यंत्रं बरोबर असतील.

तळसाका

जलशुद्धीकरण केंद्रात बरीच वर्षं पाळीवर काम केलंय, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. बाहेरच्या माणसाला ०.९ आणि ५.४ मधला फरक किरकोळ वाटतो. दोन्ही पेले शेजारी ठेवले तर पहिला नितळ आणि दुसरा जरा मंद, एवढंच दिसेल. आमच्या कामात मात्र एक एनटीयूच्या आतबाहेर सगळं ठरतं. जागतिक आरोग्य संघटना निर्जंतुकीकरणाआधी पाणी एक एनटीयूच्या खाली असावं म्हणते, ते क्लोरिन आणि जंतू यांच्यामध्ये कण आडवे येतात म्हणून. जंतू कणाच्या आडोशाला राहतो आणि क्लोरिन बाहेरच खर्ची पडतो. अतिनील किरणांचंही तसंच.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ साली क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब लावणाऱ्या परजीवीची साथ आली. अंदाजे ४,०३,००० लोक आजारी पडले. त्या वेळी तिथल्या एका शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा नेहमीच्या ०.२५ च्या आसपासवरून वाढत १.७ एनटीयूपर्यंत गेला होता. १.७! हा आकडा मी पाळीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. १.७ चं पाणी पेल्यात घेतलं तर कुणी नाक मुरडणार नाही.

तेव्हा निवळी, तुझ्या चाचण्या सोप्या नाहीत. जैविक चाचणीचा निकाल यायला दिवस जातो. गढूळपणाचा आकडा मिनिटात हातात येतो आणि गाळणी फुटल्याची पहिली खबर तोच देतो.

पाणीवाला

विषय थोडा बाजूला नेतो, क्षमस्व. मी प्रयोगशाळेतला नाही. माझ्याकडे पेनासारखा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ) मीटर आहे. बोअरचं पाणी ७५० दाखवतो. पाणी चांगलं की वाईट ते यावरून कळत नाही का? मग एवढ्या चाचण्या कशाला?

जुना केमिस्ट

पाणीवाले, तुमचा पेन टीडीएस मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि आत ठरवून दिलेल्या एका गुणकाने गुणून आकडा दाखवतो. हा गुणक पाण्यागणिक बदलतो, साधारण ०.५५ ते ०.७. मिठाचं पाणी आणि बायकार्बोनेटचं पाणी एकाच वाहकतेला वेगवेगळा क्षार देतात. तापमानाचंही आहे, दर अंशाला वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. म्हणून आकडा २५ अंशांना आणून सांगायचा असतो. शंका आली तर ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण घ्या, २५ अंशांना त्याची वाहकता १४१३ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर यायला हवी.

आणि महत्त्वाचं. या पेनाला जंतू दिसत नाहीत, गाळ दिसत नाही, वास कळत नाही. इथल्या नमुन्यातला लोहाचा साका तर तो बिलकूल ओळखणार नाही. उलट लोह विरघळलेल्या रूपातून कणांत गेलं की वाहकता किंचित कमीच होते. म्हणजे पाणी डोळ्यांदेखत तांबडं होत असताना पेन सगळं ठीक आहे असंच सांगेल.

खरे विरघळलेले घन पदार्थ वजनाने काढतात. काचतंतूंच्या गाळणीतून पाणी गाळायचं, मोजलेलं पाणी आधी वजन केलेल्या बशीत आटवायचं, १८० अंशांवर सुकवायचं, डेसिकेटरमध्ये (आत ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) गार करायचं आणि वजन घ्यायचं. पुन्हा ओव्हन, पुन्हा गार, पुन्हा वजन, जोवर दोन वजनं जवळजवळ एक येत नाहीत तोवर. गरम बशी काट्यावर ठेवली तर वर चढणाऱ्या हवेने ती हलकी भरते. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्लोराइड असलेला साका तर हवेतली ओल शोषत राहतो आणि काट्यावर वजन तुमच्यासमोर वाढत जातं. तिथे चटपटीत हात लागतो.

निवळी

पाणीवाले, याच नमुन्याची वाहकता मी काढली होती. ११८० आली, म्हणजे ०.६५ च्या गुणकाने ७६७. वजनाने काढले तर ७०२ आले. मला वाटलं, वजनात चुकले.

जुना केमिस्ट

चुकली नाहीस. ७०२ भागिले ११८० म्हणजे ०.५९, मर्यादेत आहे. बायकार्बोनेट तापवल्यावर कार्बोनेट होतं आणि त्यातला कार्बन डायॉक्साइड व पाणी उडून जातं. म्हणून बायकार्बोनेटचं पाणी वजनात हलकं पडतं. दोन्ही आकडे लिही आणि कोणता कसा काढला ते लिही.

ओलगंध

वासाच्या चाचणीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी वासाच्या पॅनेलवर काम करते. ही चाचणी 'वास नाही' असे दोन शब्द लिहून उरकली जाते याचं मला फार वाईट वाटतं.

माणसाचं नाक इथे भल्याभल्या यंत्रांच्या तोडीचं आहे. पाण्याला येणारा मातकट वास जिओस्मिन आणि दोन-मिथाइलआयसोबोर्निऑल या दोन संयुगांमुळे असतो. काही नीलहरित शैवालं आणि ॲक्टिनोमायसीट जीवाणू ती तयार करतात. ही संयुगं लिटरमागे दहा नॅनोग्रॅमच्या आसपास असली तरी कित्येकांना वास येतो. नॅनोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग!

पण नाक लवकर थकतं. म्हणून पद्धत पाळावी लागते. नमुना काचेच्याच बाटलीत, काठोकाठ, आणि शक्यतो सहा तासांत तपासायचा. प्लॅस्टिक वास शोषतं आणि स्वतःचाही देतं. काचेच्या बुचाच्या चंबूत नमुना थोडा थोडा घेऊन बिनवासाच्या पाण्याने २०० मिलिलिटर करायचा, ६० अंशांपर्यंत तापवायचा, हलवायचा, बूच काढून हुंगायचं. बिनवासाचं पाणी सक्रिय कोळशातून गाळून घेतात. सुरुवात सगळ्यांत पातळ चंबूपासून. उग्र वास आधी घेतला तर पुढचे सौम्य वास हरवतात. ज्या चंबूत जेमतेम वास येतो त्यावरून आकडा निघतो. २५ मिलिलिटर नमुन्याला वास आला तर २०० भागिले २५, म्हणजे ८.

हुंगणारे निदान पाच जण हवेत. सर्दी झालेला नको, अत्तर लावलेला नको, नुकता साबणाने हात धुतलेला नको. आणि कोणत्या चंबूत नमुना आहे आणि कोणत्यात नुसतं पाणी, ते त्यांना माहीत नसावं.

चवीबद्दल एकच सांगते. पाणी जैविक आणि रासायनिकदृष्ट्या सुरक्षित आहे असा निकाल हातात आल्याशिवाय जिभेवर थेंबही ठेवायचा नाही. कुणीही सांगितलं तरी.

निवळी, त्या बाटलीचं झाकण पहिल्यांदा उघडलंस तेव्हा वास कसला होता?

निवळी

ओलगंधताई, खरं सांगते, मी 'वास नाही' असंच लिहिलं होतं. पण आता आठवतंय, पहिल्यांदा उघडताना कुजक्या अंड्यासारखा हलका वास आला होता आणि मिनिटाभरात गेला. मला वाटलं, बाटलीचा असेल.

ओलगंध

हायड्रोजन सल्फाइड. ज्या पाण्याला हवा लागलेली नाही त्यात तो सापडतो, म्हणजे काकांच्या निदानाला आधारच मिळाला. आणि तो उडून जातो, त्यामुळे तो क्षण निसटला की पुन्हा येत नाही. जागेवर नोंदवायची गोष्ट आहे ही.

निवळी

आज काम झालं, सविस्तर सांगते.

वरिष्ठांना हा धागा दाखवला नाही, पण काकांनी सांगितलेल्या चाचण्या करून त्यांच्यापुढे ठेवल्या. गाळलेल्या पाण्याचा रंग ५ वर आला. गाळणीवर विटकरी थर. ५०० मिलिलिटर गाळलं, १०५ अंशांवर सुकवून ४.६ मिलिग्रॅम भरलं, म्हणजे लिटरमागे ९.२ मिलिग्रॅम निलंबित घन. आम्लाचे थेंब टाकल्यावर पाणी लखलखीत निवळलं. रासायनिक विभागाने एकूण लोह ४.२ मिलिग्रॅम सांगितलं. कपड्यांवर डाग पडायला ०.३ पुरतं म्हणे.

वरिष्ठ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, गाडी घे आणि मीटर घेऊन जा. म्हणून आज मी बोअरवर गेले. पंप वीस मिनिटं चालू ठेवला, तापमान एका जागी स्थिरावलं तेव्हा नमुना घेतला. तिथल्या तिथे गढूळपणा ०.६. उघड्या चंचुपात्रात अर्ध्या तासाने १.८, दोन तासांनी ५.६. त्याच वेळी काठोकाठ भरून, बुडबुडा न ठेवता बंद केलेली काचेची बाटली प्रयोगशाळेत आणून दोन तासांनी उघडली आणि लगेच मोजली तर ०.७! काचकुपीदादा, या वेळी तेल लावलं होतं आणि प्रत्येक कुपी तीनदा मोजली.

आता प्रश्न उरतो तो अहवालाचा. मला वाटतं ०.६ लिहावं, कारण बोअरचं पाणी खरं तेच.

तळसाका

मी इथे असहमत आहे. बोअरचं पाणी ०.६ असेल, पण पंपाच्या तोंडाला लागून कोण पितं? ते पाणी टाकीत चढतं, तिथे हवा खातं, तासन्‌तास बसतं आणि मग नळाला येतं. पिणाऱ्याच्या पेल्यात ५.६ किंवा ११ आहे. अहवालात ०.६ लिहिलंस तर तो माणूस समजेल, पाणी उत्तम आहे, आणि टाकीतला तांबडा गाळ बघून तुमच्या प्रयोगशाळेवरचा विश्वास सोडून देईल. क्लोरिन टाकणारा माणूसही फसेल. क्लोरिन आधी लोहावर खर्च होतो, जंतूंपर्यंत पोचतच नाही.

जुना केमिस्ट

आणि नुसतं ११.४ लिहिलं तर उलट फसगत होईल. तो समजेल बोअरमध्ये माती शिरते आहे, आवरण-नळी फुटली आहे, आणि नको तिथे खर्च करून बसेल. उपाय वेगळे आहेत. माती असेल तर बोअर दुरुस्त करावी लागते. लोह असेल तर पाण्याला मुद्दाम हवा द्यायची, साका बसू द्यायचा आणि वाळूतून गाळायचं.

माझं मत असं की दोन्ही आकडे जावेत, प्रत्येकापुढे वेळ आणि अवस्था लिहून. आणि टाकीतल्या पाण्याचा स्वतंत्र नमुना मागवावा. तळसाका म्हणतात त्या पेल्यातल्या पाण्याला त्याचा स्वतःचा आकडा मिळू दे, आपण तो बोअरच्या बाटलीतून कशाला काढायचा?

तळसाका

टाकीचा नमुना येणार असेल तर माझी हरकत मागे घेतो. पण अहवालात ठळक कुठला, हा मुद्दा राहतोच. वाचणारा पहिला आकडा बघतो.

मापाडी

आकडा कितव्या दशांश घरापर्यंत लिहायचा तेही बघा. १ ते १० एनटीयूमध्ये ०.१ पर्यंत, एकच्या आत ०.०५ पर्यंत, १० ते ४० मध्ये पूर्ण आकड्यात. ११.४ लिहू नका, ११ लिहा. यंत्राच्या पडद्यावर दशांश दिसला म्हणजे तो आपल्याला कळला असं नाही.

निवळी

छापील अहवालात गढूळपणासाठी एकच रकाना आहे. त्यात बसेना, म्हणून वरिष्ठांच्या परवानगीने रकान्यात 'शेरा पाहा' लिहिलं आणि खाली असं दिलं :

'पंपावर, नमुना घेताच ०.६० एनटीयू, रंग ५ हेझन, कुजक्या अंड्यासारखा सौम्य वास. उघड्या भांड्यात दोन तासांनी ५.६ एनटीयू. अपूर्ण भरलेल्या बाटलीत दुसऱ्या दिवशी ११ एनटीयू, भासमान रंग २५, खरा रंग ५. वाढ हवेच्या संपर्काने लोहाचा साका तयार झाल्यामुळे. एकूण लोह ४.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. टाकीतल्या पाण्याचा नमुना स्वतंत्र तपासावा.'

तळसाकादादा, ठळक काहीच केलं नाही, सगळं एकाच टायपात आहे.

टाकीचा नमुना उद्या येतोय. या वेळी चिठ्ठी मीच छापून दिली आहे : तारीख, वेळ, जागा, जागेवरचं तापमान, पीएच, रंग, वास, बाटली काठोकाठ भरली का. आणायला जाणाऱ्या मुलाने विचारलं, वासाच्या रकान्यात काय लिहू? मी म्हटलं, झाकण लावायच्या आधी हुंग आणि जे वाटेल ते तुझ्या शब्दांत लिही.

ओलगंध

त्याने काय लिहिलं ते इथे नक्की सांग.